अर्धनिवृत्त जोडप्याचा टॅक्स: अमेरिकेत निवृत्ती खात्यात कुणी, किती आणि कधी भरावं

दोघांपैकी एकाने नोकरी सोडलेली असते. दुसरा अजून आठवड्याचे तीन दिवस कामावर जातो किंवा कन्सल्टिंगची थोडीफार कामं घेतो. घराचं कर्ज फिटलेलं, मुलं आपापल्या गावी मार्गी लागलेली. या टप्प्यावर निवृत्ती खात्यांचा विषय निघाला की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "आता भरायचं कसलं, आता काढायची वेळ आली." आमच्याकडेही हेच झालं. नवऱ्याने ६२व्या वर्षी काम थांबवलं, मी अर्धवेळ राहिले, आणि पहिली दोन वर्षं आम्ही कुठल्याच खात्यात एक डॉलरही टाकला नाही. तिसऱ्या वर्षी जुने रिटर्न पुन्हा मांडून बघितले, तेव्हा कळलं की ती दोन वर्षं फुकट घालवली.

पूर्ण पगार चालू असतो तेव्हा हिशोब सरळ असतो. २२ टक्क्यांच्या गटात असाल तर ४०१-केमध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) टाकलेल्या शंभर डॉलरमागे बावीस डॉलर टॅक्स वाचतो. अर्धनिवृत्तीत उत्पन्न खाली येतं आणि नेमकं अशा जागी येऊन थांबतं जिथे एकामागून एक उंबरठे आहेत: आरोग्यविम्याची सरकारी सवलत, सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतनाचा) करपात्र हिस्सा, शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा शून्य टक्के दर, मेडिकेअरचा (पासष्टीपासूनच्या सरकारी आरोग्यविम्याचा) हप्ता. उंबरठ्याच्या अलीकडे राहिलात की पलीकडे गेलात, यावर काही हजार डॉलर ठरतात. म्हणून या वर्षांत निवृत्ती खात्याकडे केवळ बचत म्हणून बघू नका. वर्षाचं उत्पन्न कागदावर कुठे थांबवायचं, हे ठरवण्याचं साधन म्हणून बघा. खाली दिलेले आकडे, वेगळं म्हटलेलं नसेल तिथे, २०२६ या कर-वर्षाचे आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठीचे आहेत.

पहिली पायरी: एक कागद, दोन रकाने

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोघांनी मिळून बसा. कागदावर दोन रकाने आखा. डाव्या बाजूला कमाई, उजव्या बाजूला बाकी सगळं उत्पन्न.

कमाई म्हणजे कष्टाचा पैसा: डब्ल्यू-२ (नोकरीचा वार्षिक दाखला) वरचा पगार किंवा स्वतःच्या व्यवसायातला निव्वळ नफा. पेन्शन, सोशल सिक्युरिटी, बँकेचं व्याज, डिव्हिडंड, घरभाडं, अ‍ॅन्युइटी, आयआरएमधून (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यातून) काढलेली रक्कम हे सगळं उजवीकडे जातं. त्यावर टॅक्स लागत असला तरी आयआरएच्या नियमात ती कमाई धरत नाहीत. ही गल्लत मी स्वतः केली आहे. नवऱ्याची पेन्शन हेही "उत्पन्नच ना", असं मनाशी धरून माझ्या त्या वर्षीच्या तुटपुंज्या पगारापेक्षा जास्त रक्कम दोघांच्या खात्यांत भरून बसले. जास्तीची रक्कम खात्यात राहिली तर दरवर्षी तिच्यावर ६ टक्के दंड लागतो, आणि एकदाच भरून तो संपत नाही. रक्कम काढेपर्यंत किंवा पुढच्या एखाद्या वर्षाच्या मर्यादेत सामावून घेईपर्यंत तो लागत राहतो. रिटर्नच्या मुदतीआधी, मुदतवाढ धरून, ती रक्कम तिच्यावरच्या वाढीसकट काढून घेतली तर दंड टळतो. मी तसं केलं, पण त्यासाठी खातं सांभाळणाऱ्या कंपनीशी तीन वेळा फोनवर बोलावं लागलं.

भारतात ठेवी किंवा फ्लॅट असलेल्यांनी उजवा रकाना अर्धवट सोडू नये. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते करपात्र आहे. तिथल्या फ्लॅटचं भाडंही अमेरिकी रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. उलट पीपीएफमध्ये टाकलेल्या पैशाची वजावट अमेरिकी रिटर्नवर मिळत नाही. भारतातलं व्याज विसरून केलेला हिशोब हमखास उंबरठ्याच्या चुकीच्या बाजूला नेऊन ठेवतो.

दोन्ही रकान्यांची बेरीज (सोशल सिक्युरिटीचा फक्त करपात्र भाग धरून), त्यातून ४०१-के, आयआरए, एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं बचत खातं) यांसारख्या वजावटी वजा, म्हणजे तुमचा एजीआय. १०४० फॉर्मच्या पहिल्या पानावर शेवटी येतो तो आकडा. बहुतेक उंबरठे याच आकड्यावर किंवा त्यात थोडी भर घालून ठरतात. स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट) त्यानंतर वजा होतं, त्यामुळे अशा उंबरठ्यांसाठी त्याचा उपयोग नाही. ६५ ओलांडलेल्यांना २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी माणशी ६,००० डॉलरची जी नवी ज्येष्ठांची वजावट मिळाली आहे, तिचंही तसंच. ती टॅक्स कमी करते, एजीआय नाही.

दुसरी पायरी: एकाची कमाई, दोघांची खाती

अर्धनिवृत्त जोडप्यासाठी सगळ्यात उपयोगाचा नियम हाच, आणि अनेकांना तो ठाऊकच नसतो. रिटर्न एकत्र भरत असाल तर कमाई एकाचीच असली तरी आयआरए दोघांची भरता येते. याला स्पाउझल आयआरए म्हणतात. वेगळ्या नावाचं खातं काही नसतं. ज्याची कमाई नाही त्याच्या नावाची साधी आयआरएच असते. अट एकच: दोघांच्या भरण्याची बेरीज दोघांच्या मिळून असलेल्या कमाईपेक्षा जास्त नको.

पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ८,६०० डॉलर भरता येतात: ७,५०० मूळ आणि १,१०० वाढीव. म्हणजे बायकोने अर्धवेळ काम करून १७,२०० डॉलर मिळवले तर दोघांची खाती पूर्ण भरता येतात. १२,००० मिळवले तर दोघांत मिळून १२,०००.

वयाची आडकाठी आता नाही. पूर्वी साडेसत्तर झाले की पारंपरिक आयआरएत (भरताना वजावट, काढताना टॅक्स) भरणं बंद व्हायचं. ती अट २०२०पासून गेली. पंच्याहत्तरीतला नवरा आणि अजून शिकवण्या घेणारी अडुसष्टची बायको असतील, तरी दोघांच्या खात्यांत भरता येतं. मात्र सत्तरीनंतर आयआरएतून थेट धर्मादाय संस्थेला देणगी द्यायचा विचार असेल तर पारंपरिक आयआरएत भरून वजावट घेऊ नका. साडेसत्तरीनंतर घेतलेली वजावट त्या देणगीच्या करमुक्त भागातून कापली जाते.

तिसरी पायरी: वजावट खरोखर मिळते का, ते तपासा

पारंपरिक आयआरएत पैसे भरणं आणि त्याची वजावट मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यू-२ वरच्या १३ क्रमांकाच्या चौकटीत "रिटायरमेंट प्लॅन" वर खूण आहे का, ते बघा. दोघांपैकी कुणालाच कामाच्या ठिकाणी प्लॅन नसेल तर उत्पन्न कितीही असो, पूर्ण वजावट मिळते. ज्याला प्लॅन आहे त्याची वजावट १,२९,००० ते १,४९,००० डॉलर उत्पन्नाच्या पट्ट्यात हळूहळू संपते. स्वतःला प्लॅन नाही पण जोडीदाराला आहे, अशाची २,४२,००० ते २,५२,००० या पट्ट्यात.

नोकरी सोडण्याच्या वर्षात फसगत होते ती इथे. वर्षाच्या सुरुवातीच्या दोन-तीन पगारांतून ४०१-केमध्ये थोडे पैसे गेले असतील तर त्या अख्ख्या वर्षासाठी तुम्ही "प्लॅन असलेले" ठरता. त्या वर्षीच्या पगारात साठलेल्या रजेचे पैसे आणि बोनस मिसळला की उत्पन्नही जास्त दिसतं. अशा वेळी नोकरी सोडणाऱ्याची वजावट अडते, पण घरी असलेल्या जोडीदाराची बहुधा मिळते. म्हणून त्या वर्षी जोडीदाराचं खातं आधी भरावं.

चौथी पायरी: तुमचा उंबरठा कुठला, ते शोधा

सगळे उंबरठे एकाच वेळी लागू होत नाहीत. तुम्ही दोघं आज किती वर्षांचे आहात, यावर ते ठरतं.

दोघंही पासष्टीच्या आत असाल आणि विमा सरकारी मार्केटप्लेसवरून घेत असाल, तर सगळ्यात मोठा उंबरठा विम्याच्या सवलतीचा. साथीच्या काळात आलेली वाढीव सवलत २०२५ अखेर संपली आणि जुना कडा परत आला. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांच्या आत असेल तरच सवलत. दोघांच्या कुटुंबासाठी २०२६च्या विम्याला ही रेघ ८४,६०० डॉलरवर आहे. त्याच्या पलीकडे एक डॉलर गेला तरी सवलत शून्य. शिवाय २०२६पासून वर्षभरात आगाऊ मिळालेली सवलत जास्त ठरली तर सगळीच्या सगळी परत करावी लागते. आधी कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीची एक कमाल मर्यादा होती, ती आता राहिली नाही.

एक उदाहरण मांडून बघू. नवरा ६३, बायको ६२. बायकोचा अर्धवेळ पगार ३८,०००, कामाच्या ठिकाणी प्लॅन नाही. नवऱ्याची पेन्शन ३०,०००. बँकेचं व्याज १२,०००. म्युच्युअल फंड विकून झालेला दीर्घकालीन नफा ११,०००. बेरीज ९१,०००. रेघेच्या ६,४०० डॉलर पलीकडे.

आता बायकोने स्वतःच्या पारंपरिक आयआरएत ८,६०० भरले. उत्पन्न ८२,४०० वर आलं. आयकर किती वाचला? १२ टक्क्यांच्या गटात आहेत, म्हणजे १,०३२ डॉलर. त्यावर कुणी म्हणेल, हजारभर डॉलरसाठी कशाला पैसे अडकवायचे. पण विम्याकडे बघा. या उत्पन्नाला २०२६मध्ये बेंचमार्क प्लॅनसाठी (सवलत मोजायला आधार धरतात तो प्लॅन) स्वतःच्या खिशातून उत्पन्नाच्या ९.९६ टक्के द्यायचे असतात, इथे सुमारे ८,२०७ डॉलर. त्यांच्या काउंटीत साठीतल्या दोघांचा बेंचमार्क प्लॅन वर्षाला २४,०००चा आहे असं धरलं, तर सवलत जवळपास १५,८०० डॉलरची. ८,६०० भरले ते स्वतःच्याच खात्यात राहिले, आणि त्यापायी सोळा हजारांहून जास्त वाचले. हेच ८,६०० रॉथमध्ये (भरताना वजावट नाही, पुढे काढताना टॅक्स नाही अशा आयआरएत) भरले असते तर यातलं काहीही मिळालं नसतं, कारण रॉथमध्ये भरलेल्या पैशाने उत्पन्न कमी होत नाही.

या हिशोबाच्या उत्पन्नात एक भर घालावी लागते: करमुक्त बाँडचं व्याज, आणि सोशल सिक्युरिटी चालू असेल तर तिची संपूर्ण रक्कम, करपात्र नसलेला भागसुद्धा. त्यामुळे बासष्टीलाच सोशल सिक्युरिटी सुरू करणाऱ्यांना हा कडा लवकर गाठतो.

आयआरए भरूनही रेघेच्या आत येता येत नसेल तर एचएसए बघा. २०२६पासून मार्केटप्लेसवरचे ब्राँझ प्लॅन एचएसएला चालतात. दोघांचा मिळून प्लॅन असेल तर ८,७५०, आणि ५५ ओलांडलेल्या प्रत्येकाला आपापल्या नावाच्या एचएसएत आणखी १,०००. हे निवृत्ती खातं नव्हे, पण उत्पन्न तितकंच खाली आणतं, आणि यासाठी कमाईची अट नाही. दोघांनीही काम पूर्ण थांबवलं असेल तेव्हा हातात उरणारं साधन हेच. मेडिकेअर सुरू झालं की मात्र भरता येत नाही. पासष्टीनंतर उशिरा मेडिकेअर घेतलं तर त्यातला पार्ट ए (रुग्णालयाचा विमा) सहा महिने मागून लागू धरतात, त्यामुळे तेवढे महिने आधीच थांबावं.

दोघंही पासष्टीपुढे आणि सोशल सिक्युरिटी घेत असाल तर चित्र बदलतं. सोशल सिक्युरिटीचा किती भाग करपात्र, हे ठरवायला बाकीचं उत्पन्न, करमुक्त व्याज आणि सोशल सिक्युरिटीची अर्धी रक्कम यांची बेरीज करतात. ती ३२,०००च्या वर गेली की काही भाग करपात्र व्हायला लागतो, ४४,०००च्या वर गेली की ८५ टक्क्यांपर्यंत. पहिली रेघ १९८३च्या कायद्यातली, दुसरी १९९३च्या. महागाईप्रमाणे त्या कधी वाढवल्याच नाहीत. मला हा अन्याय वाटतो. तेव्हा सुखवस्तू लोकांसाठी आखलेल्या रेघांत आज साधी मध्यमवर्गीय जोडपी अडकतात.

याचा परिणाम असा. नवरा ६८, बायको ६६. सोशल सिक्युरिटी दोघांची मिळून ४०,०००, पेन्शन ४०,०००, बायकोचा अर्धवेळ पगार १२,०००. वरच्या पद्धतीने, सोशल सिक्युरिटी अर्धीच धरून, बेरीज ७२,००० होते आणि सोशल सिक्युरिटीतले २९,८०० करपात्र ठरतात. एजीआय ८१,८००. स्टँडर्ड डिडक्शन ३२,२००, वयाचे १,६५० प्रत्येकी, ज्येष्ठांच्या वजावटीचे ६,००० प्रत्येकी, मिळून ४७,५०० वजा केले की करपात्र उरतात ३४,३००. टॅक्स ३,६२०.

बायकोने ८,६०० पारंपरिक आयआरएत भरले, तर तेवढे वजा होतातच, शिवाय सोशल सिक्युरिटीचा करपात्र भागही २२,४९० वर उतरतो. एजीआय एकदम १५,९१० ने खाली. टॅक्स उरतो १,८३९. वाचले १,७८१, म्हणजे भरलेल्या रकमेच्या वीस टक्क्यांहून जास्त, आणि हे जोडपं तर कागदावर १२ टक्क्यांच्या गटात आहे. भरलेल्या एका डॉलरने दोन ठिकाणी काम केलं.

पण याच जोडप्याची पेन्शन ४०,०००ऐवजी २२,००० असती तर? मग एजीआय ४८,५००, त्यातून ४७,५०० वजा, करपात्र फक्त १,०००, टॅक्स १०० डॉलर. इथे पारंपरिक आयआरएत भरून वाचवायला काही उरलंच नाही. उलट पुढे तो पैसा काढताना त्यावर टॅक्स लागेल. या घराने डोळे मिटून रॉथ निवडावी. दोन्ही घरं शेजारी राहत असतील, एकाच वयाची असतील, तरी एकाला लागू असलेला सल्ला दुसऱ्याच्या नुकसानीचा ठरतो. म्हणून मैत्रिणीने काय केलं यापेक्षा आपला कागद काय सांगतो ते बघावं.

बाकीचे उंबरठे थोडक्यात. दीर्घकालीन नफ्यावर आणि पात्र डिव्हिडंडवर शून्य टक्के दर करपात्र उत्पन्न ९८,९०० होईपर्यंत लागतो. शेअर विकायचं वर्ष आणि आयआरएत भरायचं वर्ष एकच ठेवता आलं तर उत्तम. मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२६मध्ये पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्याचा) मूळ हप्ता माणशी महिना २०२.९० डॉलर आहे. २०२४चं उत्पन्न २,१८,०००च्या वर असेल त्यांना तो २८४.१० पडतो. म्हणून ६३व्या वर्षापासूनच या रेघेकडे लक्ष हवं. काम थांबवल्यामुळे किंवा कमी केल्यामुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून नव्या उत्पन्नावर हप्ता ठरवून मागता येतो. हा फॉर्म भरायला लाजू नका, तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

आणि सेव्हर्स क्रेडिट. एजीआय ८०,५००च्या आत असेल तर भरलेल्या रकमेवर, माणशी २,००० डॉलरपर्यंत, १० ते ५० टक्के थेट टॅक्समधून कमी होतात. ऐकायला छान, पण अर्धनिवृत्तांच्या हाती ते क्वचित लागतं. त्याच वर्षात, आधीच्या दोन वर्षांत किंवा रिटर्नच्या मुदतीपर्यंत दोघांपैकी कुणीही निवृत्ती खात्यातून पैसे काढले असतील तर तेवढी रक्कम भरलेल्यातून वजा धरतात. नवरा आयआरएतून काढतोय आणि बायको भरतेय, अशा घरात क्रेडिट बहुधा उरत नाही.

पाचवी पायरी: पारंपरिक की रॉथ

चौथ्या पायरीत उंबरठा सापडला असेल तर उत्तर जवळपास मिळालंच. एखाद्या रेघेच्या थोडं पलीकडे असाल, किंवा सोशल सिक्युरिटीच्या त्या दुहेरी पट्ट्यात असाल, तर पारंपरिक. टॅक्स शून्याजवळ असेल किंवा जवळपास रेघच नसेल, तर रॉथ. निम्मं-निम्मं करायलाही हरकत नाही. वरच्या विम्याच्या उदाहरणात रेघेच्या आत यायला ६,४०० पुरेसे होते. मी मात्र रेघेला चिकटून बसत नाही. डिसेंबरात फंडांकडून अचानक येणारं वाटप आणि व्याजाचे उशिरा कळणारे आकडे धरून हजार-दीड हजाराची जागा सोडते.

दोघांपैकी ज्याच्या नावावर कधीच रॉथ नव्हती त्याचं खातं लहानशा रकमेने का होईना, आजच उघडा. रॉथमधली वाढ करमुक्त काढण्यासाठी वय साडेएकोणसाठ आणि पहिल्या भरण्याच्या वर्षापासून पाच वर्षं, असं दोन्ही लागतं. पाच वर्षांचं हे घड्याळ प्रत्येकाचं वेगळं चालतं. जोडीदाराची जुनी रॉथ आहे म्हणून तुमचं घड्याळ सुरू झालेलं नसतं.

आणखी एक विचार जोडीनेच करायचा असतो. ७३व्या वर्षापासून, १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५व्या वर्षापासून, पारंपरिक खात्यांतून दरवर्षी सक्तीने ठरावीक रक्कम काढावी लागते. दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेल्याला एकट्याचे टॅक्स गट लागतात, जे साधारण निम्म्या उत्पन्नावरच पुढच्या दरात ढकलतात. खाती मात्र बहुधा तेवढीच असतात. नवऱ्याच्या नावावर आधीच मोठं ४०१-के असेल तर त्यात भर टाकण्यापेक्षा बायकोच्या रॉथमध्ये भरण्याकडे माझा कल असतो, आज चार पैसे जास्त टॅक्स गेला तरी.

सहावी पायरी: ४०१-के किंवा स्वतःचा व्यवसाय असेल तर

अर्धवेळ नोकरीतही ४०१-के असेल तर मर्यादा फार मोठी आहे: २४,५००, पन्नाशीनंतर ८,००० आणखी, आणि वय ६० ते ६३ असेल तर त्या ८,०००ऐवजी ११,२५०. म्हणजे एकसष्टीतल्या माणसाला ३५,७५० डॉलरपर्यंत. बरीच जोडपी एकाचा जवळजवळ सगळा पगार ४०१-केमध्ये वळवतात आणि घर दुसऱ्याच्या पेन्शनवर किंवा साध्या बचतीवर चालवतात. पैसा घरातच राहतो, फक्त उत्पन्नाचा आकडा उतरतो. त्याच कंपनीत पूर्णवेळावरून अर्धवेळावर आलेल्यांनी एक बघावं: आदल्या वर्षी त्या कंपनीतला पगार दीड लाख डॉलरच्या वर असेल तर २०२६पासून वाढीव भाग रॉथ स्वरूपातच भरावा लागतो, आणि त्याने एजीआय कमी होत नाही.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी आयआरएसाठी कमाई मोजताना निव्वळ नफ्यातून सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा (व्यवसायवाल्यांच्या सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर टॅक्सचा) निम्मा भाग वजा करावा. नफा १०,००० असेल तर कमाई सुमारे ९,२९४. त्याहून जास्त भरायचं असेल तर सेप-आयआरए किंवा सोलो ४०१-के, ही व्यवसायवाल्यांची निवृत्ती खाती. सेपमध्ये नफ्याच्या साधारण २० टक्केच जातात. नफा लहान असेल तर सोलो ४०१-के सरस, कारण तिथे कर्मचारी म्हणून तुमची मर्यादा वरचीच २४,५०० आणि वाढीव रक्कम, टक्केवारीची अट नाही.

सातवी पायरी: भरल्याने काय कमी होत नाही

सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा पगारातून कापला जाणारा टॅक्स ४०१-केमुळे कमी होत नाही. व्यवसायातला १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही आयआरएने कमी होत नाही. पूर्ण निवृत्ती वयाआधी सोशल सिक्युरिटी घेत असाल तर २४,४८० डॉलरपुढच्या प्रत्येक दोन डॉलर कमाईमागे एक डॉलर रोखून धरतात. तिथेही मूळ कमाईच धरली जाते, पैसे ४०१-केमध्ये गेले की नाही हे बघत नाहीत. आपल्या ओळखीतले बरेच जण याच ठिकाणी गडबडतात.

राज्याचा टॅक्स निराळा. न्यू जर्सीत ४०१-केची सूट मिळते, आयआरएची नाही. पेन्सिल्व्हेनियात भरताना यांतली कुठलीच सूट नाही, पण निवृत्तीनंतर काढलेल्या पैशावर तिथे राज्याचा टॅक्स लागत नाही. राज्याच्या रिटर्नवर वजावट मिळाली नाही तर कुठल्या वर्षी किती भरलं होतं, याची नोंद स्वतः ठेवा. न्यू जर्सीत पैसे काढताना तीच नोंद लागते.

आठवी पायरी: तारखा आणि कागद

४०१-केसाठी ३१ डिसेंबर शेवटचा, आणि पगारातूनच भरावं लागत असल्याने खरं तर नोव्हेंबरातच टक्केवारी बदलावी लागते. आयआरएला पुढच्या १५ एप्रिलपर्यंत मुदत आहे. २०२६साठी १५ एप्रिल २०२७. सगळे १०९९ (व्याज, डिव्हिडंड वगैरेंचे वार्षिक दाखले) हातात आल्यावर, मार्चमध्ये, नेमकी किती रक्कम हवी ते ठरवून भरता येतं, आणि म्हणूनच या खात्याला माझ्या लेखी इतकं मोल आहे. मुदतवाढ घेतली तरी भरण्याची तारीख पुढे जात नाही.

जानेवारी ते एप्रिलमध्ये भरताना कुठल्या वर्षासाठी भरता, हे खातं सांभाळणाऱ्या कंपनीला स्पष्ट सांगा. न सांगितल्यास चालू वर्षाच्या नावे जमा होतं. भरल्यावर पावतीवर साल तपासा. खात्याचा ५४९८ फॉर्म मे महिन्यात येतो, म्हणजे रिटर्न भरून झाल्यावर, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. वजावट शेड्युल १च्या २०व्या ओळीत जाते. सेव्हर्स क्रेडिट बसत असेल तर ८८८० फॉर्म. वजावट न मिळणारी रक्कम पारंपरिक आयआरएत भरली असेल तर ८६०६ फॉर्म भरलाच पाहिजे, नाहीतर काढताना त्याच पैशावर दुसऱ्यांदा टॅक्स लागतो. ८६०६ प्रत्येकाचा वेगळा असतो. आम्ही दोघांच्या प्रती एकाच फायलीत, पहिल्या वर्षापासून ओळीने लावून ठेवल्या आहेत, आणि ती फाईल कुठे आहे हे मुलीला सांगून ठेवलं आहे.